बिनदगडाच्या कबरी

भोरला नोकरीवर रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा मास्तरांनी मला माझी कबर दाखवली. म्हणजे जागा दाखवली. नीरेच्या पलीकडे संस्थानानं आमच्या ख्रिस्ती मंडळीला दिलेली एक मुरमाड पट्टी होती, तिथं ते मला घेऊन गेले. एका मोकळ्या तुकड्यावर उभं केलं, पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, तुमी उंच हाय. तुमाला ही जागा बरी. पाय उगवतीला. उठलं की समोर परभू."

मी नगरकडची, तिसऱ्या पिढीतली ख्रिस्ती, ट्रेनिंग कॉलेज पास होऊन नुकतीच मिशनच्या शाळेत आलेली. लग्नाची जागा बघायच्या वयात कबरीची जागा कोण बघतं? मी म्हटलं, "मास्तर, माझी इथून बदली होईल हो."

"झाली तर झाली," ते म्हणाले. "जागा कुठं जात न्हाई."

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. मी लिहिणं-वाचणं, हिशेब, भूगोल घ्यायची आणि मास्तर पहिलीची मुलं आणि सगळ्या शाळेचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास घ्यायचे. धोतर, पागोटं आणि कुणा जुन्या मिशनरी साहेबानं जाताना दिलेला काळा कोट. तो साहेब हत्तीएवढा असावा, कारण त्या कोटात मास्तर दोनदा मावले असते. त्याच कोटाच्या कॉलरीत एक सुई कायम टोचलेली असे. ती कशाला ते मला पुढं कळलं.

त्या कबरस्तानात एकाही कबरीवर दगड नव्हता. आमच्या नगरकडं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे चौथरा, फरशी, निदान नाव कोरलेला एखादा धोंडा तरी असतो. इथं नुसते मातीचे उंचवटे आणि त्यांच्यावर बोराटीच्या काट्या. मी कारण विचारलं, तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात हिला शिकवलं तरी काय, अशा नजरेनं मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं.

"उठताना जड जाईल का न्हाई?" ते म्हणाले. "आदीच मानूस लई दिस निजल्यालं. त्यात म्हाताऱ्या-कोताऱ्या. त्यांनी दगूड कसा लोटावा?"

दोन कबरींमध्ये त्यांनी हात टेकून उठता येईल एवढं अंतर सोडलेलं होतं. पिंपळाचं रोप दिसलं की उपटायचे, कारण मुळ्या पायात अडकतील. लहान मुलांना आयांच्या शेजारी ठेवायचे, म्हणजे जाग आल्यावर घाबरणार नाहीत. मी हसले, तर ते रागावले नाहीत. हसणारी माणसं त्यांना नवीन नव्हती.

डोंगरात माणूस पुरला की वर दगड रचतात, ते काही हौसेनं नव्हे. मुरमात खड्डा खोल जात नाही आणि रोहिड्याच्या बाजूनं तरसं उतरतात. दगड नको म्हटल्यावर राखण काट्यांची आली. पण काट्या कुजतात, पावसात वाहून जातात, कुणी जळणाला उचलून नेतं. त्यामुळं शाळा सुटली की हा माणूस कोयता घेऊन रानात जायचा आणि काट्यांचा भारा डोक्यावर घेऊन बाजारपेठेतून नदीकडं चालायला लागायचा. भोरच्या पेठेत त्यांना काट्यांचे मास्तर म्हणत. शास्त्राच्या तासाला दानिएल सिंहांच्या गुहेत पडलेला असायचा आणि मास्तर कॉलरीतली सुई काढून बोटातला काटा कोरत असायचे. मुलांचा अर्धा जीव दानिएलात आणि अर्धा त्या बोटात.

"मास्तर, गोष्ट सांगा," असं एखादं मूल म्हणालं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "गोष्ट कोल्ह्याची असती. ही हकिगत हाय. घडल्याली." योनाला गिळणारा मासा केवढा होता, हे त्यांनी एकदा मुलांना नदीवर नेऊन काठावरच्या झाडांच्या मापानं दाखवलं होतं. तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा तळाला चिखल होता का, असं एका मुलीनं विचारलं. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की वारा सुटला होता, त्यानं वाळला असणार. त्यांना सगळं असं घडलेलंच लागायचं. पाण्याची खोली, भाकरीची चव, थडग्याच्या धोंड्याचं वजन.

आणि त्यांची हजेरी. हजेरी घेताना मूल आलेलं नसलं तर ते लगेच पुढं जात नसत. दाराकडं बघत थांबत. वाटेत असेल, ओढा भरला असेल. मग अगदी हळू आवाजात "गैरहजर" म्हणत. मी माझ्या वर्गाची हजेरी एका दमात उरकायची आणि यांचं पहिलीतल्या पोरांना बोलावणं चालूच. मला वैताग यायचा.

ते मूळचे गुंजवण्याचे, राजगडाच्या पायथ्याच्या भातशेतीवाल्या घरातले. ख्रिस्ती कसे झाले ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही काट्या रचता रचता. तरणे असताना ते वेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. तिथं एक उपदेशक लाजरसाचं सांगत होता, चार दिवस मेलेला माणूस थडग्यातून चालत बाहेर आला ते. मास्तरांचे वडील त्याच साली गेले होते.

"म्या त्याला इचारलं, ही गोष्ट हाय का हकिगत? तो म्हणला, हकिगत. म्या म्हणलं, शपथ घे. तो म्हणला, आमच्यात शपथ घेत न्हाईत, पर व्हय म्हणलं की व्हय. मग म्या त्याच्या मागनं ग्येलो."

एका माणसाच्या 'व्हय'वर त्यांनी घर, भाऊ, शेत सगळ्यावर पाणी सोडलं. गावानं वाळीत टाकलं. आईनं जित्या लेकाच्या नावानं आंघोळ केली. ती मेली तेव्हा भावांनी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. गुंजवणी नदीच्या या काठावर उभं राहून त्यांनी पलीकडच्या काठावरचा धूर पाहिला. बायको मात्र मागून एकटी चालत भोरला आली. "म्हणली, तुमी जितं तितं मी. पर म्येल्यावर मला तितंच टाकून दिऊ नगा." पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि मूलही गेलं. दोघांना एकाच कबरीत ठेवलं. तेव्हापासून मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका उपदेशकाच्या शब्दावर टेकलेलं होतं. तो शब्द खरा असेल तर काहीच गेलेलं नव्हतं. खोटा असेल तर सगळंच गेलं होतं. मधली वाट या माणसाला माहीत नव्हती.

ईस्टरच्या, म्हणजे प्रभू थडग्यातून उठला त्या सणाच्या, पहाटे मास्तर सगळ्या मंडळीला कबरस्तानात न्यायचे आणि उजाडता उजाडता मेलेल्यांची हजेरी घ्यायचे. एकेक नाव पुकारायचे आणि त्या माणसाच्या घरच्यांनी "उठणार" म्हणायचं. ज्याचं कुणी उरलेलं नाही, त्याच्यासाठी सगळ्यांनी म्हणायचं. त्या काळी नवरा बायकोचं नाव तोंडानं घेत नसे. मास्तरही वर्षभर "लेकराची आई" म्हणत, ज्या लेकरानं कधी डोळा उघडला नव्हता त्याची आई. पण त्या पहाटे ते मोठ्यानं "सरू" म्हणायचे, आणि स्वतःच "उठणार" म्हणायचे. मग "सरूचं लेकरू." "उठणार." शाळेत झाडलोट करणारी हौसाबाई सरूची मैत्रीण होती. ती पदरानं डोळे पुसायची. शेवटी मास्तर आनंदानं सांगायचे, "बगा, हितं कुनी गैरहजर न्हाई."

पहिल्या वर्षी मला हे सगळं अडाणीपणाचं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांबरोबर "उठणार" म्हणत होते. माझा विश्वास होता म्हणून नव्हे. तिथं गप्प राहणं जिवावर यायचं.

मग आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नवे पाळकसाहेब आले. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही. तरुण, खादी घालणारे, खूप शिकलेले, परदेशी पंडितांची पुस्तकं वाचणारे. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, स्वतः पाणी भरायचे. आणि मनात एक आणि व्यासपीठावर दुसरं असं त्यांना करता येत नसे. शास्त्रातले चमत्कार जसेच्या तसे घ्यायचे नाहीत, त्यांतला अर्थ घ्यायचा, असं त्यांचं शिक्षण झालेलं. प्रभूनं पाच भाकरींत पाच हजार लोकांना जेवू घातलं, त्यावर त्यांनी पहिलं प्रवचन केलं. लोकांनी आपापल्या भाकरी लपवून ठेवलेल्या होत्या, एका पोरानं आपली पुढं केली तेव्हा सगळ्यांना लाज वाटली आणि सगळ्यांनी गाठोडी सोडली. माणसाचं मन उघडलं, हाच चमत्कार. मला ते प्रवचन फार आवडलं. कितीतरी वर्षांनी देवळात बसून डोकं वापरल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला गाठलं. "बाई, म्हंजी परभूनं भाकरी क्येल्या न्हाईत?"

"केल्या नाहीत, वाटायला लावल्या."

"मग त्यात परभू कशाला पायजे? ते तर पाटलानं सांगितलं असतं तरी झालं असतं."

मी हसून विषय बदलला. त्यांचा चेहरा मात्र दिवसभर उतरलेला होता. पुढं योनाचा मासा गेला, तांबड्या समुद्राच्या जागी गवताची दलदल आली. मास्तर प्रत्येक रविवारी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते, आणि घरातली एकेक वस्तू बाहेर काढली जाताना बघत बसलेल्या माणसासारखे गप्प होत चालले होते. पण कबरीवरच्या काट्या चालू होत्या. लाजरस अजून शिल्लक होता, आणि ईस्टर.

त्या ईस्टरच्या पहाटे पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच ती हजेरी पाहिली. ते एका बाजूला मान खाली घालून उभे होते. "सरू" म्हणताना मास्तरांचा आवाज फाटला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. आणि दोन तासांनी देवळात त्यांनी जे प्रवचन केलं, ते मला वाटतं त्यांनी मास्तरांवरच्या मायेनंच केलं. म्हणाले, आपण सकाळी आपल्या माणसांची नावं घेतली, ती आपल्या मनात उठली. शिष्यांचंही तसंच झालं. थडगं रिकामं होतं की नव्हतं, या वादात शिरू नका. त्यांच्या खचलेल्या मनात ख्रिस्त जिवंत झाला, तेच पुनरुत्थान.

मास्तर उभे राहिले. आमच्यात प्रवचनाच्या मध्ये कुणी उठत नसतं. हौसाबाईनं मागून त्यांचा कोट ओढला.

"साहेब," ते म्हणाले, "म्या अडाणी हाय. मला एकच सांगा. थडग्यातून उठला, ती हकिगत हाय का गोष्ट?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं आणि वेल्ह्याच्या बाजारातला माणूस पुन्हा खरा ठरला असता. पण ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

"मास्तर," ते अगदी मऊपणे म्हणाले, "कधी कधी गोष्टीतलं सत्य हकिगतीपेक्षा मोठं असतं."

"म्हंजी गोष्ट," मास्तर म्हणाले, आणि खाली बसले.

पुढचं सगळं त्या खाली बसण्यात झालं. त्यांनी वाद घातला नाही, मंडळी फोडली नाही, वरच्या साहेबाकडं तक्रार केली नाही. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं. सुट्टीत ते चालत गुंजवण्याला जाऊन आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धाकट्या भावानं अंगणात बसवलं आणि वेगळ्या भांड्यातून पाणी दिलं. "म्हणला, दादा, तुजं नाव आईनं धुतलं, आता आमी काय करावं. बराबर हाय त्याचं," मास्तर मला म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मागं जायची वाट बंद होती आणि पुढं ज्याच्यासाठी चाललो तो मुक्काम नव्हता. असा माणूस शाळेच्या ओट्यावर बसलेला मी रोज बघत होते.

शाळा सुरू झाली. शास्त्राच्या तासाला ते वर्गात गेले आणि भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "पोरांनो, एक गोष्ट सांगतो." मुलं खूश झाली. मी हातातला खडू खाली ठेवला. मुलांसमोर रडायचं नसतं, म्हणून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पाळकसाहेब त्यांच्या खोलीवर जायचे, समजावायचे. एकदा मीही होते. "मास्तर, तुमची पत्नी देवाजवळ आहे, हे मी कुठं नाकारतो?" साहेब कळवळून म्हणाले.

"देवाजवळ आसंल तर आसू द्या," मास्तर म्हणाले. "मला ती हितं पायजे व्हती. उगवतीकडं तोंड करून."

मग त्यांनीच साहेबांना चहा करून दिला.

काट्या बंद झाल्या. पावसाळ्यात जुन्या काट्या वाहून गेल्या, उंचवटे खचले. भाद्रपदात एक दिवस हौसाबाई धापा टाकत शाळेत आली. सरूच्या कबरीची कड तरसानं उकरली होती. मास्तरांनी ऐकलं, मान डोलावली आणि तास पूर्ण केला. मला वाटलं, आता तरी ते कोयता उचलतील.

दोन दिवसांनी मी नदीपलीकडं गेले, तर कबरस्तानाच्या तोंडाशी वडारांची गाडी उभी होती. दोन वडार आणि मास्तर मिळून एक काळी शिळा पहारीनं सरकवत होते. सरूच्या उंचवट्यावर तिचं एक टोक टेकलेलं होतं. कोट बाजूला काढून ठेवलेला, आणि त्या कोटाशिवाय हा माणूस केवढा लहान होता ते मला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, दगड?" मी म्हटलं. "काट्या मी आणून दिल्या असत्या."

"काट्या रोजच्या रोज राकायच्या," ते दम घेत म्हणाले. "दगूड एकदा ठिवला की झालं. जनावर वडनार न्हाई."

"पण तुम्हीच म्हणायचात ना..."

"व्हय." त्यांनी पहार पुन्हा लावली. "आता उठायचंय कुनाला?"

शिळा बसली तेव्हा जमिनीतून एक आवाज आला. मास्तरांनी तिच्यावर हात ठेवून ती हलते का ते पाहिलं. हलत नव्हती. मग त्यांनी कोट अंगात घातला आणि मला म्हणाले, "बाई, सांगून ठिवतो. माज्यावर बी ठिवा. चांगला जड बगून."

माघात ते हिवतापानं गेले. दुखणं मोठं नव्हतं, पण उठायची इच्छा नसलेल्या माणसाला साधा तापही पुरतो. मंडळीत दगडावरून कुजबुज झाली. हौसाबाई म्हणाली, जन्मभर ज्यांनी दुसऱ्यावर दगड येऊ दिला न्हाई त्यांच्यावर कसा ठिवायचा. पण त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि ऐकणारी मी होते. दगड ठेवला. पाळकसाहेबांनी स्वतः पहारीला हात लावला. परतताना पुलावर त्यांनी मला विचारलं, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं का?"

मी काय सांगणार? मी त्यांच्याच बाजूची होते, आजही आहे. मासा, समुद्र, भाकरी, मला यातलं काही घडलेलं वाटत नाही. पण मला त्यासाठी काही सोडावं लागलं नव्हतं. मला माझा विश्वास घरातल्या भांड्यांसारखा आयता मिळाला. त्यातलं एखादं फुटलं म्हणून मी उपाशी राहणार नव्हते. साहेब पुढं निघून गेले.

पुढच्या ईस्टरला कुणी बोलावलं नाही, तरी पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमली. पाळकसाहेबही आले. कुणी सुरुवात करीना, तेव्हा हौसाबाई पुढं झाली. इतकी वर्षं ऐकून नावं तिला पाठ होती. ती नाव घेत होती, माणसं हळू आवाजात "उठणार" म्हणत होती. "सरू," ती म्हणाली. आम्ही सगळे त्या काळ्या शिळेकडं बघत पुटपुटलो. "सरूचं लेकरू." त्यालाही कुणीतरी उत्तर दिलं.

"मास्तर."

त्यांच्या घरचं कुणी नव्हतं. ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी सगळ्यांनी म्हणायचं, ही त्यांचीच रीत. पण प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. पाळकसाहेबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. माझाही आला नाही. हौसाबाई, मास्तर दाराकडं बघत थांबायचे तशी, त्या दगडाकडं बघत बराच वेळ थांबली. नदीपलीकडं गावात जाग येत होती.

"गैरहजर," ती अगदी हळू म्हणाली, आणि तिनं पुढचं नाव घेतलं.